दाराशी दहा माणसं

कात्र्या-सुऱ्यांना धार लावायची म्हणून सगळी गल्ली तिला धारवाली म्हणायची. एखाद्याच्या नाकावर राग असतो म्हणतात, हिचा तर घरभर असायचा. सकाळी दुकानाची फळी उघडताना ती फळीवर चिडायची, फळी उघडली की रस्त्यावर चिडायची, आणि रस्त्यावरून कोणी आत वळलं नाही की मग दिवसभर चिडायला मोकळी. एवढ्या तापट बाईने धंदा करू नये, असं लोक म्हणत. थंड डोक्याच्या माणसाने तो धंदा पहिल्या सहा महिन्यांतच गुंडाळला असता, हे त्यांना कोण सांगणार?

धंदा मूळ तिच्या वडिलांचा. पायाने फिरवायचं चाक खांद्यावर घेऊन ते दारोदार हिंडायचे आणि सुट्टीच्या दिवशी ही पाण्याचा डबा धरून त्यांच्यामागे असायची. दोघा भावांना त्या चाकाची लाज वाटे. वडील गेले तेव्हा भावांनी घरातलं होतं-नव्हतं ते वाटून घेतलं. चाक तेवढं कोणालाच नको होतं, ते हिच्याकडे आलं. “तुला आवड आहे ना,” असं मोठा भाऊ म्हणाला, तेही उपकार केल्याच्या थाटात. तोवर अकरा वर्षं ती एका कारखान्यात पुठ्ठ्याची खोकी चिकटवत होती. चाक घरी आलं त्याच महिन्यात तिने खोकी सोडली.

अडचण होती जागेची. घर सासूबाईंचं, आणि रस्त्याकडची पुढची खोली ही त्यांची बसायची जागा. खिडकीशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची हजेरी घेणं हा त्यांचा दिवसभराचा उद्योग होता. सून ती खोली मागतेय म्हटल्यावर त्या तीन दिवस बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी बोलल्या त्या अट घेऊनच.

“दोन वर्षं देते,” त्या म्हणाल्या. “दोन वर्षं पुरी होतील त्या आठवड्यात रोज दहा माणसं तुझ्या दाराशी आली, तर ते दुकान. नाही आली तर ती हौस. हौसेला माझी खोली मिळायची नाही.”

“आणि मोजणार कोण?”

“मी. मला दुसरं काम काय ठेवलंयस तू?”

नवरा पाणीखात्यात कारकून होता. मऊ स्वभावाचा, टापटिपीचा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. ही बोलणी चालली होती तेव्हा तो बुटांना पॉलिश करत बसला होता. बायको बोलली तेव्हा डावा बूट चालू होता, आई बोलली तेव्हा उजवा. दोन्ही बूट लखलखीत झाले, पण त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. त्याचाही राग तिने मनात ठेवला. तिच्या मनात जागेची टंचाई नव्हती.

पहिलं वर्ष कसं गेलं ते तिचं तिला माहीत. आलेल्यांपैकी निम्मे दारात उभे राहून आत डोकावायचे आणि विचारायचे, “मालक कुठे आहेत?” “पाणीखात्यात,” ती म्हणायची. “नळाची धार ते बघतात, सुरीची मी.” एका बाईने धार लावलेली सुरी दुसऱ्या दिवशी परत आणली, कारण बोट कापलं. एवढी धार लावायची काय गरज होती, असं तिचं म्हणणं. समोरच्या न्हाव्याने मुद्दाम दगडावर घासून बिघडवलेला वस्तरा परीक्षेला पाठवला आणि चार टाळकी जमवून तो मजा बघत बसला. तिने वस्तरा असा करून दिला की न्हाव्याने स्वतःच्या मनगटावरचे केस उडवून पाहिले आणि जमवलेली टाळकी पांगवली. तरी बाकीचे वस्तरे काही त्याने पाठवले नाहीत. बाईच्या हातचा वस्तरा गिऱ्हाइकांना चालत नाही म्हणे. गिऱ्हाइकांना विचारलं होतं का, तर नाही.

चाकावरच्या ठिणग्यांनी सासूबाईंच्या पडद्याला भोकं पडली. लोखंडाचा काळा भुगा तिच्या नाकात, नखांत, उशीच्या अभ्र्यात. बोटांची टोकं सोललेली. आणि संध्याकाळी फळी लावली की मधल्या दाराआड बसून मोजणाऱ्या सासूबाईंचा आवाज यायचा, “आज तीन. त्यातला एक पत्ता विचारायला आला होता, तो धरला नाही.”

पुढे लोक तिच्या चिकाटीबद्दल बोलायला लागले. चिकाटी कसली? पुष्कळदा सकाळी तिला चाक उचलून रस्त्यावर फेकून द्यावंसं वाटायचं. पण मग मोठा भाऊ काय म्हणेल, न्हावी कसा हसेल, आतून कोणता आकडा ऐकू येईल, हे डोळ्यांपुढे यायचं आणि ती दात-ओठ खात फळी उघडायची. हरायचं नाही, आणि या लोकांसमोर तर मुळीच हरायचं नाही, एवढ्यावर तिने वर्ष काढलं.

तेराव्या महिन्यात तिला मोठं काम मिळालं. दोन गल्ल्या सोडून कपडे शिवण्याचा एक कारखाना होता, तिथे कापड कापणारी सव्वीस माणसं होती. आठ वेळा ती गेली आणि आठही वेळा दरवानाने तिला फाटकातून परत पाठवलं. नवव्या वेळी तिने दरवानाच्याच हातातला पेन्सिल तासायचा चाकू काढून घेतला, तिथेच पायरीवर बसून त्याला धार लावली आणि परत दिला. दरवान आत गेला आणि कापणीखात्याच्या मास्तरांना घेऊन आला. मास्तरांनी आधी तीन कात्र्या दिल्या, मग सहा, मग सगळ्याच. तिथली रीत अशी, की कात्री ज्याची त्याची स्वतःची. मास्तर फक्त दर दोन महिन्यांनी सगळ्यांच्या गोळा करून पेटीत घालून पाठवायचे. शनिवारी संध्याकाळी हमाल पेटी आणून टाकायचा, सोमवारी सकाळी न्यायचा. या पेटीवर दुकान तगलं.

सासूबाईंच्या हिशेबात मात्र पेटीचा काही उपयोग नव्हता.

“आज एक,” त्या म्हणाल्या.

“आई, पेटीत सव्वीस कात्र्या आहेत.”

“आणणारा एकच ना? मी माणसं मोजते, लोखंड नाही.”

दोन वर्षं पुरी व्हायला अडीच महिने उरले होते. दाराशी दिवसाला सहा-सात माणसं यायची. दहा अजून लांब होती, पण पेटी होती म्हणून रोजचं चालत होतं, आणि अडीच महिन्यांत तीन-चार माणसं वाढवू, असा तिचा हट्ट होता. तेवढ्यात तो रविवार आला.

आता कात्रीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. कात्रीची दोन पाती वर्षानुवर्षं एकमेकांवर घासून घासून एकमेकांपुरतीच होतात. एका कात्रीचं पातं दुसरीला लावलं तर ती कापड कापत नाही, चावते. नवरा-बायकोबद्दल लोक असं काहीबाही बोलतात, कात्रीच्या बाबतीत ते खरं आहे. म्हणून तिच्या वडिलांचा नियम होता: एक कात्री उघडली की ती बंद केल्याशिवाय दुसरीच्या स्क्रूला हात लावायचा नाही. तिने मात्र वेळ वाचवायला स्वतःची पद्धत काढली होती. सगळ्या कात्र्या एकदम उघडायच्या आणि लांब फडक्यावर जोडीने ओळीत मांडून ठेवायच्या. तीन वेळा हे बिनबोभाट पार पडलं होतं.

त्या रविवारी बावन्न पाती फडक्यावर मांडली आणि बघते तर तेल संपलेलं. ती बाजारात गेली. नवऱ्याला सुट्टी होती. तो पुढच्या खोलीत आला, फडक्यावरचा तो मळ, वंगण आणि कापडाचा भुगा त्याने बघितला, आणि बिचाऱ्याच्या मनात आलं, आज आपण हिला मदत करू.

ती परत आली तेव्हा तो हात पुसत उभा होता. फडकं गायब. टेबलावर दोन स्वच्छ, चकचकीत गठ्ठे. एका बाजूला सगळी वरची पाती, दुसऱ्या बाजूला सगळी खालची, लहानापासून मोठ्यापर्यंत लावलेली.

“धुऊन टाकली,” तो म्हणाला. “कोमट पाणी आणि साबण. आणि लगेच पुसली हं, गंज नको चढायला.”

“जोड्या कुठे आहेत?” तिने विचारलं.

“ही वरची सव्वीस, ही खालची सव्वीस. मोजलीत मी.”

ती स्टुलावर बसली. तिचा आवाज चढला नाही, तेव्हाच त्याला समजलं की काहीतरी भलतंच झालंय. एरवी ती त्याला अहो-जाहो करायची. त्या दिवशी ते सुटलं.

“दोन वर्षं रोज या खोलीतून बूट घालून बाहेर जातोस,” ती म्हणाली. “दोन वर्षं. एकदा तरी थांबून बघितलंस, मी इथे काय करते ते? तुला काय वाटलं, मी चमचे घासते?”

“मी मदत करायला गेलो...”

“मदत करायची होती तर ज्या दिवशी तोंड उघडायचं त्या दिवशी उघडायचं होतंस. तेव्हा बूट पुसत बसलास. आज पाती पुसलीस.”

“काय झालं गं?” सासूबाईंनी आतून विचारलं.

“काही नाही. तुमच्या मुलाने धंदा धुऊन टाकला.”

मग तिने त्याला समोर बसवलं आणि उठलास तर याद राख म्हणून बजावलं. स्क्रू बसतो तिथे प्रत्येक पात्याला झिजेचा एक गोल पडलेला असतो. एक पातं हातात धरायचं, दुसऱ्या गठ्ठ्यातलं एकेक त्याच्यावर ठेवून गोल जुळतो का बघायचं, जुळला तर स्क्रू लावून चिंधीवर चालवायचं आणि आवाज ऐकायचा. तो पाती देत होता, ती नाकारत होती. दुपार अशीच गेली. सगळ्यात जास्त राग तिला स्वतःचाच आला होता, कारण वडिलांनी सांगितलेली एकच गोष्ट तिने मोडली होती. तो रागही तिने नवऱ्यावरच काढला, कारण तो समोर होता.

संध्याकाळपर्यंत बावीस जुळल्या. आठ पाती उरली. ती कशीही लावली तरी टोकाशी चिंधी चावत होती.

“चालतील की,” तो हळूच म्हणाला. “कोणाला कळणार आहे?”

“कापणाऱ्याला. पहिल्याच फटक्याला.”

सोमवारी तिने हमालाची वाट बघितली नाही. “तुम्ही येताय,” असं नवऱ्याला म्हणाली. अहो-जाहो परत आलं होतं आणि त्याची त्याला जास्त धास्ती वाटली. पेटी त्याने उचलली.

कापणीखात्यात लांबच लांब टेबलं, त्यांवर कापडाच्या जाड चळती, हवेत तंतू. मास्तर गळ्यात टेप अडकवून पुढे आले. तिने सगळ्यांसमोर सांगितलं, “बावीस कात्र्या ठीक आहेत. चार जोड्यांची पाती एकमेकांत मिसळली. चूक माझी. मी सगळ्या एकदम मोकळ्या करून ठेवल्या होत्या.”

“नाही, मी धुतल्या त्या,” नवरा मध्येच बोलला. “हिची चूक नाही.”

मास्तरांनी त्याच्याकडे बघितलं आणि ते मोठ्याने हसले. “तुम्ही, साहेब? घरात भांडी कमी पडली की काय?” दोन-चार टेबलांवर खसखस पिकली. मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला. “असू द्या हो. होतं असं. पाणीखात्यात ना तुम्ही? आमचा नव्या नळाचा अर्ज तुमच्याच खात्यात पडून आहे. तेवढं जरा बघा. मी काम चालू ठेवतो, तुमच्याकडे बघून.”

नवऱ्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव आला. तिच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. आठ महिने या कात्र्या तिने पोरांसारख्या जपल्या. आठ वेळा फाटकातून परत गेली. आज स्वतःहून येऊन चूक कबूल केली, तर माफी मिळाली ती नवऱ्याला, आणि कामही मिळालं ते नवऱ्यालाच.

“काम कोणाकडे बघून ठेवताय, मास्तर?” तिने विचारलं.

“ठेवलंय ना बाई? मग झालं तर.”

“झालं कसं? आठ महिने या कात्र्या कोणाच्या हातामुळे चालल्या? यांना काल दुपारपर्यंत कात्रीला दोन पाती असतात, एवढंच माहीत होतं. माझ्यावर रागवा. चार नव्या द्यायला लावा, मी देते. माझ्या कामाकडे बघून काम देत असाल तर द्या. यांच्याकडे बघून नको.”

मास्तरांचं हसू मावळलं. “मग राहू द्या,” ते म्हणाले. “धार लावणारे पुष्कळ आहेत.”

“अगं, खोली जाईल,” नवरा पुटपुटला. ते तिलाही माहीत होतं. पेटी गेली, दाराशी सहा-सात माणसं आणि हातात अडीच महिने. पण शब्द तोंडातून गेला होता, आणि गेला याचं तिला वाईट वाटत नव्हतं.

दुसऱ्या टेबलावर सगळ्यांत जुनी कापणारी बाई उभी होती. सगळे तिला मावशी म्हणत. चार बिघडलेल्यांतली एक कात्री मावशीची होती. तिने ती चिंधीवर चालवून बघितली, चावलेली चिंधी उजेडात धरली आणि ती मास्तरांकडे वळली.

“मास्तर, ही कात्री कोणाची आहे?”

“तुमची. का?”

“माझी. बावीस वर्षं माझ्या हातात आहे. हिने ती बिघडवली, म्हणून हिला मी आत्ता चांगल्या चार शिव्या घालणार आहे. पण धार कुठे लावायची ते माझं मी ठरवीन. यापुढे माझी कात्री पेटीत जाणार नाही. मी माझ्या पायांनी नेऊन देईन.”

आणि मावशीने खरंच शिव्या घातल्या. धारवालीने त्या मान खाली घालून ऐकल्या. आयुष्यात तिने उलट उत्तर दिलं नाही असा तो एकच प्रसंग.

त्यानंतरचे दोन महिने सगळ्यांत वाईट गेले. चार नव्या कात्र्या तिने पोचत्या केल्या. मास्तरांना दुसरा धारवाला मिळाला आणि पेटी त्याच्याकडे जाणार हे ठरलं. दाराशी माणसं तेवढीच, कधी पाच. कात्र्या बोथट झाल्याशिवाय कारखान्यातून कोणी येणार नव्हतं, आणि तेव्हाही मावशीशिवाय कोण येईल हे सांगता येत नव्हतं. लोक तावातावात बोलतात आणि घरी जाऊन विसरतात, हे तिने दोन वर्षांत भरपूर बघितलं होतं. नवरा आता संध्याकाळी स्टुलावर येऊन बसायचा आणि ती काय करते ते बघायचा. आठव्या दिवशी त्याने पत्र्याचे छोटे बिल्ले कापून, त्यांवर आकडे ठोकून आणले, पात्यांना तारेने बांधायला. तिने ते घेतले, छान म्हणाली नाही. कारखान्याचा नळाचा अर्ज त्याच्या टेबलावर आला तेव्हा त्याने तो नंबराप्रमाणे गठ्ठ्याच्या तळाशी ठेवला. हेही त्याने घरी सांगितलं. त्या रविवारपासून चहा तोच करत होता, त्या दिवशी तिने केला.

मग कात्र्या बोथट होऊ लागल्या. आधी मावशी आली, कारखाना सुटल्यावर, घरची सुरीही बरोबर घेऊन. दोन दिवसांनी तिच्या टेबलावरचे दोघे. मग पलीकडच्या टेबलावरची एक, येताना जावेला घेऊन. सगळे काही आले नाहीत. अकरा जणांच्या कात्र्या पेटीतूनच गेल्या. पण जे पंधरा आले ते आपल्या पायांनी आले, कात्री द्यायला एकदा आणि न्यायला एकदा, आणि मास्तरांची पेटी एकटा हमाल आणायचा तिथे आता दारात माणसं उभी दिसायला लागली. माणसं दिसली की माणसं येतात. न्हाव्यानेसुद्धा तीन वस्तरे पाठवले, मान वळवून.

शेवटच्या आठवड्यात आतून आकडे येत होते. “अकरा.” “दहा.” “तेरा.” गुरुवारी संध्याकाळी चारपर्यंत सातच झाले होते आणि तिने चाकावर एका सुरीचं पातं पार झिजवून टाकलं, इतका हात जड पडत होता. त्या दिवशी दहावा माणूस फळी लावता लावता आला. शनिवारी बारा.

शनिवारी फळी लावण्याआधी सासूबाई पुढच्या खोलीत आल्या. दोन वर्षांत पहिल्यांदाच. भोकं पडलेल्या पडद्याकडे त्यांनी बघितलं, चाकाकडे बघितलं.

“बारा,” त्या म्हणाल्या. “जिंकलीस बाई. खोली ठेव.”

त्यांना वाटलं, सून आता हसेल, निदान वाकून पाया तरी पडेल. सुनेने चाक थांबवलं.

“मोजणं आजपासून बंद, आई,” ती म्हणाली. “दोन वर्षं तुम्ही आत बसून माझी माणसं मोजलीत. तुमच्या स्वयंपाकघरातली सुरी दोन वर्षं बोथट आहे. मी तीच सुरी रोज वापरते, मला माहीत नाही? ती मुद्दामच तशी ठेवली मी. म्हटलं बघू, या घरातलं कोणी कधी माझ्या दाराशी येतं का. आला नाहीत. बारा म्हणे. माझ्या लेखी ते बाराच्या बारा परके.”

नवरा स्टुलावर होता. तो उठला आणि आईकडे बघून म्हणाला, “बरोबर बोलतेय ती.” एवढंच. पण बोलला.

सासूबाई वळून आत गेल्या. स्वयंपाकघरात खडखड झाली, मग मागच्या दाराची कडी वाजली. धारवालीला वाटलं, रुसून शेजारी चालल्या असतील. तिने चाक पुसायला घेतलं.

थोड्या वेळाने फळीशी सावली पडली. सासूबाई रस्त्यावर उभ्या होत्या. घराला वळसा घालून, रस्त्याने, लोकांदेखत आल्या होत्या. हातात सुरी.

“धार लावायची आहे,” त्या म्हणाल्या.

तिने सुरी घेतली, उजेडात धरली, अंगठा आडवा फिरवून बघितला.

“काय हाल केलेत हिचे?” ती म्हणाली. “आज व्हायचं नाही. सोमवारी या.”

सासूबाईंनी मान हलवली आणि आल्या तशा रस्त्यानेच परत गेल्या.